वाफसा मोजला, पाणी कोण मोजणार?

२०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या उसाचे जाहीर कौतुक केले आणि पुणे जिल्ह्यातला ऊस जगभरच्या बातम्यांत जाऊन बसला. बारामतीची ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ऊसशेतीचा प्रयोग करत आहे. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले, पाचशे कोटींची तरतूद जाहीर झाली. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने हेच तंत्र साखर कारखान्यांमार्फत राज्यभर नेण्याचे ठरवले. हेक्टरी पंचवीस हजारांच्या खर्चात शेतकऱ्याचा वाटा नऊ हजारांचा, बाकीचा कारखान्याचा आणि इन्स्टिट्यूटचा, असा हिशेबही मांडला गेला.

प्रकल्पाकडून सांगितले जाणारे आकडे डोळे दिपवणारे आहेत. उत्पादन तीस ते चाळीस टक्के जास्त, खत कमी आणि पाणी निम्मे. हे आकडे निवडक प्लॉटवरचे आहेत, आणि अशा प्लॉटवर बेण्यापासून खुरपणीपर्यंत सगळ्याच गोष्टींकडे जास्त लक्ष दिले जाते, हे कोणताही कृषी सहायक सांगेल. तरी त्यातले अर्धे जरी खरे ठरले, तरी ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न वेगळा आहे. शेतात निम्मे पाणी वाचले, तर ते पाणी जाते कुठे?

त्याआधी हे यंत्र करते काय, ते पाहू. त्यात गूढ असे फार नाही. शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा पाहतो; संवेदक तेच विजेच्या भाषेत पाहतो. पाण्याचा विद्युत-अपार्यता स्थिरांक ऐंशीच्या आसपास असतो, कोरड्या मातीचा चार-पाच, हवेचा एक. मातीत रोवलेल्या दांड्याभोवतीचा हा आकडा वाढला की ओल वाढली, कमी झाला की ओल घटली. त्याला जोड मिळते शेतावरच्या हवामान केंद्राची: तापमान, आर्द्रता, वारा, ऊन. यातून दिवसभरात जमिनीतून आणि पानांतून किती पाणी उडाले याचा हिशेब निघतो. ऊस लहान असताना हा खर्च कमी असतो. वाढ जोरात असताना तो प्रमाण मानलेल्या गवताच्या सव्वापट होतो. वरून उपग्रह पाहतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या मोफत मिळणाऱ्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर गुणिले दहा मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. पाच दिवसांनी एकदा, गुंठ्यागुंठ्याचा हिरवेपणा. हे सगळे एकत्र करून मोबाईलवर मराठीत संदेश येतो: आज इतकी मिनिटे ठिबक चालवा, या कोपऱ्यात नत्र कमी आहे, त्या कोपऱ्यात कीड असावी, जाऊन पाहा.

मर्यादाही आहेत, आणि त्या आपल्याकडच्या आहेत. काळी माती वाळली की भेगाळते. भेग संवेदकापाशी पडली तर दांड्याभोवती हवा शिरते, आणि तो माती आहे त्यापेक्षा कोरडी असल्याचे सांगू लागतो. मग संदेश येतो, पाणी द्या. परदेशातल्या वाळूमिश्रित मातीवर बेतलेले गणित इथे तसेच चालत नाही. प्रत्येक प्रकारच्या मातीसाठी ते पुन्हा बसवावे लागते. उपग्रहाचे म्हणाल, तर जून ते सप्टेंबर ढगांमुळे त्याला फारसे दिसतच नाही, आणि आडसाली उसाची लागण तर जुलै-ऑगस्टमध्येच होते. पण या दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी आहेत. काही वर्षांत होतीलही.

या तंत्राचा खरा फायदा कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे समजायला उसापेक्षा द्राक्षाकडे आधी पाहावे. ऑक्टोबर छाटणीनंतर नारायणगाव, नाशिक किंवा तासगावच्या बागाईतदाराला झोप लागत नाही ती केवडा आणि भुरीच्या भीतीने. आभाळ आले की फवारणी, दव पडले की फवारणी, शेजाऱ्याने मारले म्हणूनही फवारणी. केवड्याच्या बुरशीला पानावर काही तास साचलेले पाणी लागते. पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, एवढे कळले तर संसर्गाची शक्यता बऱ्यापैकी अचूक वर्तवता येते. पान ओले झाल्याचे नोंदवणारी छोटी यंत्रे आता अनेक बागांत लटकलेली दिसतात. धोका नसेल त्या दिवशी फवारणी टळते. टळलेली फवारणी म्हणजे वाचलेले पैसे, वाचलेली मजुरी, आणि मण्यावर न उरलेला अंश. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, तो फटका द्राक्षपट्ट्यात अजून कोणी विसरलेले नाही. त्यामुळे इथे संदेश पाळला जातो. वाचलेले औषध शेतकरी दुसऱ्या शेतावर जाऊन ओतत नाही. ते खरोखरच वाचते.

आरोग्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत मोलाचा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेले पीक, पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमाल आणि दमट उकाडा. ड्रोनने फवारणी झाली तर माणूस त्या तुषारांतून बाहेर येतो. अर्थात ड्रोन एकरी दहा लिटरच्या आसपासच पाणी वापरतो, म्हणजे द्रावण कितीतरी घट्ट असते; वारा असताना उडवला तर ते शेजारच्या मेथीवर किंवा अंगणातल्या पाळण्यावर जाऊ शकते. ड्रोन चालवणाऱ्या महिलांच्या प्रशिक्षणात उड्डाणाइतकेच महत्त्व वाऱ्याच्या वेगाला दिले गेले पाहिजे.

असेच दुसरे उदाहरण रात्रीच्या पाण्याचे. कृषिपंपांना वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळण्याच्या पद्धतीत शेतकऱ्याची कित्येक वर्षे रात्री दारे धरण्यात गेली. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात बिबट्या राहतो. नाग आणि घोणस तर सगळीकडेच. मध्यरात्री बॅटरी घेऊन सरीत उतरणाऱ्या माणसासाठी मोबाईलवरून चालू-बंद होणारा व्हॉल्व्ह ही चैन नाही. सर्पदंशाचे, अपुऱ्या झोपेचे आणि अंधारात उघड्या वायरला हात लागण्याचे जे ओझे ग्रामीण आरोग्यावर आहे, ते अशा साध्या स्वयंचलनाने हलके होते. धोरणाच्या भाषणांत या फायद्याचा उल्लेख क्वचितच होतो, हे आश्चर्यच म्हणायचे.

औषध महाग आहे, मजुरी महाग आहे, जीव तर अनमोल आहे. म्हणून तिथे यंत्राचे ऐकले जाते. आता खत आणि पाण्याकडे येऊ.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळे नत्र युरियातून दिले असे धरले तर एकोणीस-वीस पोती. पंचेचाळीस किलोचे पोते अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. इतके स्वस्त खत दोन पोती कमी टाकण्याने शेतकऱ्याचे पाचशे रुपये वाचतात. पीक कमी आले तर मात्र काही हजार जातात. मग तो संदेश वाचतो आणि वर मूठभर टाकतोच. त्याच्या जागी कोणीही तेच करील. जास्तीचे नत्र मुळांच्या खाली उतरते, नायट्रेट होऊन विहिरीत जाते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त. काही नत्र हवेत नायट्रस ऑक्साइड होऊन जाते, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशेपट उष्णता धरून ठेवतो. सॉफ्टवेअर हे सगळे मोजू शकते. पोत्याची किंमत मात्र ते बदलू शकत नाही.

पाण्याचे तर याहून कठीण. शेतीत स्वयंचलन नवीन आहे असे समजणाऱ्यांनी एकदा कोणत्याही विहिरीवरची पेटी उघडून पाहावी. तिथे ‘ऑटो स्विच’ असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू, वीज गेली की बंद. महाराष्ट्रातल्या शेतीत सर्वांत जास्त पसरलेले स्वयंचलन हेच असावे, आणि त्याने पाण्याची नासाडीच केली. पिकाला तहान आहे की नाही, हे त्या पेटीला माहीत नसते. गावातले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात म्हणून रोहित्रे जळतात; ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे. कोणी ऐकत नाही, कारण वीज कधी येईल याचा भरवसा नाही आणि जास्त पाणी दिल्याचा भुर्दंड नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीजही मोफत झाली. दुष्काळाने आणि भावाने पिचलेल्या शेतकऱ्याला हा दिलासा आहे, यात वाद नाही. पण उपशाचा खर्च शून्य झाला की पाणी वाचवण्याचे कारणही तेवढेच उरते.

आणि तरीही समजा, बारामतीचा शेतकरी संदेश पाळतो, ठिबक बरोबर तेवढीच मिनिटे चालवतो आणि त्याचे निम्मे पाणी वाचते. विहिरीत उरलेल्या पाण्याचे तो काय करील? शेजारची पडीक दोन एकर पडीकच ठेवील? बहुतेक वेळा तिथेही ऊस येईल, किंवा खोडवा आणखी एक वर्ष राखला जाईल. विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच म्हटले होते: वाफेची यंत्रे काटकसरी झाली, तसा कोळशाचा खप वाढला. सिंचनाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये अनेक देशांतले दाखले तपासले आणि २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात क्वेंटिन ग्राफ्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच मुद्दा मांडला. सिंचनाची कार्यक्षमता वाढली म्हणून नदीत पाणी उरले, असे फारसे कुठे दिसत नाही.

यात एक बारकावा आहे, तो आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. पाटाने दिलेले पाणी ‘वाया’ जाते असे आपण म्हणतो, पण त्यातले पुष्कळसे जमिनीत मुरून खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत निघते, ओढ्याला लागते, नदीला मिळते. ठिबकने ते मुरणे थांबते. वरच्याने वाचवलेले पाणी हे खालच्याचे विहिरीचे पाणी असू शकते. वरच्याने ते वाढीव उसाला वापरले, तर खोऱ्याचा एकूण खर्च वाढतो, आणि कागदावर मात्र सगळ्यांची कार्यक्षमता नव्वद टक्के दिसते. खरे वाचते ते फक्त तेच पाणी, जे खारपड जमिनीत अडकले असते किंवा उघड्यावरून उडून गेले असते.

खारपडीचा विषय निघाला तर बारामतीचेच नाव घ्यावे लागते. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, दुष्काळी मुलखात ऊस आला, आणि त्याच्या मागोमाग मीठ फुटले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर अहवाल प्रसिद्ध केला. अति पाणी आणि निचऱ्याचा अभाव, हे निदान तेव्हाच झाले होते. त्याला संवेदक लागला नाही. एक्स्ट्रा पाणी जमीन मारते हे शंभर वर्षांपूर्वी छापून झाले, आणि सांगली-कोल्हापूरपर्यंत जमिनी चोपण होतच राहिल्या. माहितीची उणीव हे त्याचे मुख्य कारण नव्हते.

त्याच काळात, त्याच जिल्ह्यात एका इंजिनिअरने हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पकडला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आखलेली स्वयंचलित दारे बसली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दारे आपोआप उघडत, उतरले की मिटत. ना वीज, ना पहारेकरी. शाळेच्या पुस्तकांतून ही दारे सर्वांना माहीत आहेत. त्यांनी नीरा कालव्यासाठी मांडलेली ‘ब्लॉक पद्धत’ मात्र कोणाला आठवत नाही. कालव्याचे पाणी एकाच गावाने ओढून घ्यायचे नाही. जास्तीत जास्त गावांना द्यायचे. प्रत्येक गावात चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचे ठरावीक ब्लॉक आखायचे. ब्लॉकच्या एका हिश्शातच ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके. शेतकऱ्यांचा विरोध झाला, रोष झाला. पण दारे आणि ब्लॉक या एकाच डोक्यातून निघालेल्या दोन गोष्टी आहेत: पाणी अडवायला यंत्र, आणि वाटायला नियम. आज आपण यंत्राचा भाग मायक्रोसॉफ्टकडून घेतला आहे. नियमाचा भाग कोणी मागतही नाही.

नियम सुचवलेले नाहीत असेही नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच सांगितले की हजार मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या भागात ऊस नको. बारामती, इंदापूरचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. उसाची गरज पाऊस धरून दीड ते अडीच हजार मिलिमीटर. मधला आकडा घेतला तरी एका एकराला ऐंशी लाख लिटर, म्हणजे रोज १३५ लिटरच्या हिशेबाने दीडशेहून अधिक माणसांचे वर्षभराचे पाणी. २०१७ मध्ये राज्याने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, ती सक्ती कागदावरच राहिली. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि पाणी वापर संस्थांचा कायदा झाला. घनमीटरवर पाणी मोजून संस्थेला द्यायचे असे त्यात आहे. ओझरजवळच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्था तसे पाणी घेतात आणि आपसांत वाटतात. राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी अजून हेक्टर आणि पीक पाहूनच आकारणी चालते.

यातला सर्वांत स्वच्छ नियम पुणे जिल्ह्यातच झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदरच्या नायगावात गेले आणि पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसावर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद. हिवरे बाजारनेही वर्षाचा पाऊस मोजून पिके ठरवली, उसाला आणि सिंचनाच्या बोअरवेलला मनाई केली. या दोन्ही गावांना उपग्रहाची गरज पडली नाही. पण त्यांना तो मिळाला असता तर त्याचा उपयोग मात्र सर्वांत चांगला त्यांनीच केला असता, कारण वाचलेले पाणी कोणाचे हे त्यांनी आधी ठरवले होते.

म्हणून नव्या धोरणाकडे मागणी करायची तर ती ॲपच्या संख्येची नको. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक उसाच्या शेतावर वाढीव टनेजबरोबर उपसलेले पाणी नोंदले जावे. पंपाला लावायचा प्रवाहमापक संवेदकांच्या संचापेक्षा महाग नसतो. ठिबकाचे अनुदान घेतलेल्याने उसाचे क्षेत्र वाढवले का, हे उपग्रहाच्या त्याच चित्रांतून गुंठ्याच्या अचूकतेने दिसते. ते पाहायचे ठरवले पाहिजे, इतकेच. कालव्याच्या दारांवर आणि वितरिकांवर मोजमाप बसवता येते. शेजारच्या कर्नाटकात नारायणपूर डाव्या कालव्यावर दूरनियंत्रित दारांची यंत्रणा २०२३ मध्ये सुरू झालीच आहे. आणि कारखान्यांनी शेतकऱ्याला टनाच्या दराबरोबर पाण्याच्या बचतीचा काही मोबदला दिला, तर संदेश वाचण्याला कारण मिळेल. साखरेच्या किलोमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी जाते, त्याचा थोडा तरी भार ग्राहकाने उचलायला हरकत नाही.

ग्राहक म्हणजे पुणेकरही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची क्षमता २९.१५ टीएमसी. त्यातूनच शहर पिते आणि त्यातूनच दौंड-इंदापूरचा ऊस. शहर ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त उचलते, ही खालच्या तालुक्यांची जुनी तक्रार खोटी नाही. घरोघरी मीटर बसवण्याची योजना कित्येक वर्षे चालू आहे, घरगुती पाणीपट्टी मात्र मिळकत कराबरोबरच येत राहिली. शुद्ध केलेले साडेसहा टीएमसी सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीला परत द्यायचे ठरले होते. ते किती मिळते आणि कशा दर्जाचे मिळते, यावर दर उन्हाळ्यात भांडण होते. अशा शहराने शेतकऱ्याला काटकसर शिकवणे जरा धाडसाचेच आहे.

हे भांडण दरवर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत येते. धरणात किती, शहराला किती, उन्हाळी आवर्तने एक की दोन. तिथे आमदार असतात, अधिकारी असतात, आकडे धरणसाठ्याचे असतात. खाली शेतात मुळाशी किती ओल आहे, याची नोंद आता हजारो ठिकाणी तासातासाला होणार आहे. ती नोंद अजून शेतकऱ्याच्या मोबाईलवर आणि कंपनीच्या सर्व्हरवरच थांबते. पुढच्या बैठकीत ती टेबलावर आली, तर आवर्तन आठ दिवस पुढे ढकलता येईल की नाही, याचे उत्तर पहिल्यांदाच मोजून देता येईल.